ध्यानाचे फायदे सायन्सने सिद्ध झालेत म्हणतात, त्यात खरं किती?

भाऊ, तुम्ही विचारलं की भाऊजी दहा दिवसांचं मौनाचं ध्यान-शिबिर करून आले अन् आता घरात सगळ्यांना सांगत सुटले की ध्यानानं बीपी जाते, डिप्रेशन जाते, मेंदूसुद्धा बदलते, गोळ्या कशाला खाता, तर यात खरं किती.

माझं राळेगाव तालुक्यातल्या एका गावात छोटंसं मेडिकल आहे अन् दोन एकर पऱ्हाटी (कपाशी) आहे, म्हणून आधी शेतातलंच सांगतो. कृषी केंद्रवाला टॉनिक देते न, म्हणते मारा अन् पंधरा दिवसांत पात्या (कळ्या) पहा. मारलं, पऱ्हाटी हिरवीगार झाली. आता ती टॉनिकनं झाली, का त्याच आठवड्यात पाऊस आला म्हणून झाली, का पैसे लावले म्हणून तुम्ही डवरणी-निंदण या वर्षी वेळेवर केलं म्हणून झाली, हे कसं सांगाल? मधात चार तास (म्हणजे पऱ्हाटीच्या ओळी) बिनफवारणीचे सोडले असते तर कळलं असतं, अन् खरं म्हणजे त्या चार तासांवर नुसतं पाणी मारायला पाहिजे. ध्यानावरच्या लय अभ्यासांत हे चार तास सोडलेलेच नसतात, किंवा सोडले तरी तिथल्या लोकांना काहीच न देता वेटिंगवर ठेवलेलं असते.

2014 साली अमेरिकेतल्या जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठवाल्यांनी मुद्दाम फक्त तुलना नीट ठेवलेल्या 47 चाचण्या वेचल्या, मिळून 3,515 लोक. निघालं काय, तर चिंता, उदासी अन् दुखणं यात थोडा फरक पडते, पुरावा मध्यम. झोप, वजन, व्यसन यात दाखवण्यासारखं काही नाही. अन् व्यायाम किंवा औषधापेक्षा ध्यान सरस आहे असं कुठंच दिसलं नाही. म्हणजे शून्य नाही, पण भाऊजी म्हणतात तेवढंही नाही.

त्यांच्या बाजूचंही सांगतो. 2022 मध्ये चिंतेच्या आजाराचे 276 पेशंट घेऊन अर्ध्यांना एसिटालोप्राम दिलं (चिठ्ठीवर मी रोज देतो ती गोळी) अन् अर्ध्यांना ध्यानाचा कोर्स. आठ आठवड्यांनी दोघांचा आराम जवळपास सारखा! पण तो कोर्स म्हणजे आठवड्याला अडीच तासांचा क्लास अन् घरी रोज पाऊण तास, मोबाईलवर पाच मिनिटं डोळे मिटणं नाही. सोयाबीन काढणीच्या दिवसांत पाऊण तास कोण बसते, सांगा.

मेंदू बदलते हे 2011 च्या एका अभ्यासातून पसरलं, त्यात ध्यान करणारे होते फक्त 16. पुढं 2022 मध्ये 218 लोकांवर तसंच करून पाहिलं तर आठ आठवड्यांत मेंदूच्या रचनेत काहीच बदल दिसला नाही. पण व्हॉट्सॲपवर अजून पहिलंच फिरते.

बीपीचं मात्र मला लागते, कारण मागच्या वर्षी आमच्याकडचे एक काका असंच कुठूनतरी ऐकून आले अन् अॅम्लोडिपिन (बीपीची गोळी) बंद केली. दोन महिने दुकानात आले नाहीत, मला वाटलं तालुक्यातून घेत असतील. मग पोरगं त्यांना गाडीवर घेऊन आलं, मोजलं तर 190 च्या वर. मी म्हटलं, "काका, गोळी काहून सोडली?" तर म्हणे, "आता मन शांत लागते न बाप्पा." मन शांत असंलही, पण बीपी अंगात जाणवत नाही, मोजल्याशिवाय कळतच नाही. अमेरिकन हार्ट असोसिएशननं 2017 ला हेच म्हटलं की फायदा असू शकतो, पण उपचाराच्या जोडीला, बदल्यात नाही.

माझे बाबा तीस वर्षांपासून पहाटे गुरुदेव सेवा मंडळाच्या सामुदायिक ध्यानाला बसतात, तुकडोजी महाराजांच्या वेळेपासूनची रीत आहे. त्यांना एकदा विचारलं, यानं बीपी उतरते का? म्हणाले, "बीपीसाठी थोडी बसतो बे मी." अन् घरी येऊन चहासोबत गोळी घेतात.

तर भाऊजींसोबत वाद घालू नका, त्यांना बसू द्या, बरं वाटत असंल तर चांगलंच आहे. फक्त ज्याची गोळी चालू आहे त्याची बंद होऊ देऊ नका, कमी करायची तर आकडे लिहून डॉक्टरला दाखवून. अन् घरात कोणाला आधी मानसिक त्रास झाला असंल तर त्याला अशा मौनाच्या शिबिरात डॉक्टरला विचारल्याशिवाय पाठवू नका, कारण 2020 मध्ये 83 अभ्यास एकत्र पाहिले तर ध्यान करणाऱ्यांपैकी सुमारे 8 टक्के लोकांना उलट त्रासच झाल्याची नोंद होती, जास्तकरून घाबरणं अन् उदासी.