बी.कॉम. अर्धवट सोडून कॉल सेंटर?

नमस्कार,

घणसोलीहून आलेलं तुमचं पत्र दोनदा वाचलं. मुलगी एस.वाय.बी.कॉम.ला आहे, महाप्याच्या कॉल सेंटरमध्ये रात्रपाळीची नोकरी चालून आलीये आणि ती कॉलेज सोडते म्हणतेय. वागळे इस्टेटमधली तुमची कंपनी बंद पडली, काम चीनला गेलं. उद्या हिचंही तसंच झालं तर, असं तुम्ही विचारता.

होऊ शकतं. तुमची भीती रास्त आहे. न्यूयॉर्कला सकाळचे ९ वाजतात तेव्हा आपल्याकडे संध्याकाळचे साडेसहा-साडेसात झालेले असतात, म्हणून ही रात्रपाळी. फक्त फोनवर चालणारं आणि आपण स्वस्त पडतो म्हणून इथे आलेलं काम उद्या मनिलाला जाईल, नाहीतर सरळ सॉफ्टवेअर करेल.

पण याच जागतिक व्यापाराचं दुसरं टोक तुमच्या जवळच आहे, न्हावा शेवा. १९८९ मध्ये सुरू झालेलं हे बंदर कोणी उचलून नेणार नाही. तिथून निघणाऱ्या प्रत्येक मालाचे कस्टमचे कागद लागतात, आणि ते करणाऱ्या सीएचए (कस्टम हाउस एजंट) ऑफिसांना कॉमर्सची मुलं हवी असतात. शिपिंग बिलावर, म्हणजे निर्यातीच्या कस्टम अर्जावर, मालाचा एचएस कोड असतो, म्हणजे कुठला माल आहे ते सांगणारा जगभर चालणारा नंबर. ताज्या कांद्याचे पहिले सहा आकडे ०७०३१०. हे सहा दुबईतही तेच, रॉटरडॅमलाही तेच. पुढचे दोन आपल्या देशाचे. एक आकडा चुकला तर ड्युटी बदलते, माल अडकतो, रोजचं भाडं चढत राहतं. ही नजर ज्याला आली त्याला मी सहसा रिकामं बसलेलं पाहिलं नाही.

हेही काम अढळ नाही, हे आधीच सांगतो. डिसेंबर २०२३ मध्ये कांद्याची निर्यातबंदी आली, ती मे २०२४ पर्यंत राहिली. नुसती कांद्यावर चालणारी ऑफिसं तेव्हा थंड पडली. म्हणून एकाच मालावर विसंबू नये.

तिला डिग्री पूर्ण करू द्या. सुट्टीत वाशी-बेलापूरच्या एखाद्या सीएचएकडे ट्रेनी म्हणून बसवा, पगार कमी असला तरी. एक्सेल पक्कं हवं. पुढे जी-कार्डची, म्हणजे सीएचएच्या माणसांसाठी कस्टम घेतं ती, परीक्षा देता येईल. लॉजिस्टिक्स डिप्लोमाच्या नावाखाली लाखभर मागणाऱ्या क्लासला मात्र आत्ता एक रुपयाही देऊ नका.

घरखर्चाला तिचा पगार लागणारच असेल तर तसं स्पष्ट कळवा, मग दिवसपाळीचं काही बघू. आणि पुढचं पत्र तिला लिहू द्या. एवढ्या मोठ्या पत्रात तिला काय आवडतं, हे कुठेच आलेलं नाही.