सत्तेचाळिशीत पाळी लांबतेय, पोट सुटलंय, रात्री घामाने जाग येते. मैत्रीण म्हणते रात्रीचं जेवण बंद कर आणि सोयाबीन खा. खरंच फरक पडतो का?

रात्रीचं जेवण बंद करू नका. सोयाबीनचं पुढे सांगते. पण जेवण बंद करायचा सल्ला वाचला आणि राहवलं नाही, कारण ‘या वयात बाईने खाणं आखडतं घ्यावं’ हे मी माझ्या घरात वर्षानुवर्षं ऐकत आलेय.

आम्ही भांडुपला, एकत्र कुटुंब, थोरल्या जाऊबाईंचा शब्द शेवटचा. पंचेचाळिशीनंतर माझी पाळी बिघडली. दोन-दोन महिने पत्ता नाही, आणि आली की थांबायचं नाव नाही. सकाळी ऑफिसला निघाले की कुर्ला येईपर्यंत लेडीज डब्यात डोळ्यांपुढे अंधारी यायची. जाऊबाई म्हणायच्या, ‘जाताना असंच होतं, आमचंही झालं, सहन करायचं.’ शेवटी माझी मीच रक्त तपासून घेतलं. बाईचं हिमोग्लोबिन १२ च्या खाली गेलं की अ‍ॅनिमिया म्हणतात, माझं ८ च्या आसपास होतं. सोनोग्राफीत फायब्रॉइड, म्हणजे गर्भाशयातली साधी गाठ, निघाला. म्हणजे ते नुसतं ‘जाताना होतं तसं’ नव्हतं.

हे सगळं श्रावणाच्या तोंडावर. आमच्याकडे श्रावणात मासळी बंद, शिवाय सोमवार आणि शनिवार उपवास. उपवास म्हणजे सकाळी साबुदाण्याची खिचडी, दिवसभर चहा, बटाट्याचे वेफर्स. साबुदाणा म्हणजे जवळपास निव्वळ पिष्ट. त्यात लोह नाही, प्रथिनं नाहीत, जे काही मिळतं ते दाण्याच्या कुटातून. मी सांगितलं, यंदा बेल वाहीन, पूजा करीन, उपवास करणार नाही. घरात जे काही झालं ते विचारू नका. ‘सासूबाईंनी सत्तरीपर्यंत एक सोमवार मोडला नाही,’ असं सगळ्यांसमोर मला ऐकवलं गेलं. मीही सगळ्यांसमोरच म्हटलं, की त्याच सासूबाई शेवटी वाकून चालायच्या आणि मोरीत पडून त्यांचा खुबा मोडला. जाऊबाईंचं अजूनही म्हणणं आहे की पाय घसरला म्हणून मोडला. पाय तर आमच्या धाकट्याचाही त्याच मोरीत घसरला होता, त्याला नुसतं खरचटलं.

पाळी जाते तेव्हा इस्ट्रोजेन कमी होतं, आणि हाडांची झीज आवरून धरणारं तेच असतं. पहिल्या काही वर्षांत हाडं सगळ्यात वेगाने विरळ होतात. म्हणून आयसीएमआरने (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने) पाळी गेलेल्या बाईसाठी दिवसाला १२०० मिलिग्रॅम कॅल्शियम सांगितलंय, बाकीच्या प्रौढांना १०००. बाईची गरज वाढते, आणि नेमकं तेव्हाच घर तिला म्हणतं कमी खा. बाळंतिणीला आपण अळिवाचे लाडू देतो, डिंकाचे देतो, ताटासमोर बसवून खाऊ घालतो. पाळी जाणाऱ्या बाईला कोणी कधी लाडू वळून दिलाय? मी माझे स्वतः वळले. अळिवात लोह भरपूर असतं. सोबत लिंबू, आणि जेवणाबरोबरचा चहा तासभर पुढे ढकलला, कारण चहाने अन्नातलं लोह नीट अंगी लागत नाही. लोहाच्या गोळ्या घ्याव्या लागल्याच, ८ चं हिमोग्लोबिन लाडवांनी वर येत नाही.

त्या श्रावणात कुळथाचं पिठलं, मटकीची उसळ, नाचणीची भाकरी आणि दही यांवर मी राहिले. १०० ग्रॅम नाचणीत ३५० मिलिग्रॅमच्या आसपास कॅल्शियम असतं. श्रावण संपल्यावर मांदेली, कुरकुरीत तळून काट्यासकट. आणि माझ्या वाटणीची पूर्ण. आमच्याकडे तळलेल्या तुकड्या पुरुषांना आणि मुलांना मोजून वाढायच्या, बायकांना डोकं आणि रस्सा. ते मी बंद केलं. तुमच्याकडे असं असेल तर आहाराचा तक्ता नंतर करा, आधी हे मोडा.

पोटाचं म्हणाल तर इस्ट्रोजेन उतरलं की चरबी मांड्यांवरून पोटाकडे सरकते आणि वयाने स्नायू घटतात. जेवण सोडलं की स्नायू आणखी जातात. रात्री भात कमी करा, आठच्या आत जेवा, पण ताटात डाळ, अंडं, मासा, पनीर यांतलं काहीतरी असू द्या. थोडं वजन उचलायचा व्यायाम हवाच, नुसत्या चालण्याने भागत नाही.

सोयाबीन खुशाल खा, प्रथिनं उत्तम आहेत. त्यात इस्ट्रोजेनसारखे सौम्य घटक असतात, घामाला कोणाला थोडा उतार पडतो, कोणाला काहीच नाही. सोयाच्या पावडरी आणि कॅप्सूल घेऊ नका. रात्री उकळता चहा आणि झणझणीत रस्सा टाळून बघा. झोपेचं खोबरं होत असेल तर मात्र खाण्यावर विसंबू नका, डॉक्टरांना हार्मोनच्या उपचाराबद्दल स्पष्ट विचारा. हार्मोनने स्तनाच्या कॅन्सरचा आणि हृदयविकाराचा धोका वाढतो असं सांगणाऱ्या २००२ च्या अमेरिकेतल्या अभ्यासानंतर सगळ्या घाबरल्या, पण साठीच्या आतल्या आणि पाळी जाऊन १० वर्षं न झालेल्या निरोगी बाईला, त्रास जास्त असेल तर, त्याचा धोक्यापेक्षा फायदा बहुधा जास्त असतो, असं आता तज्ज्ञ मानतात. स्तनाचा कॅन्सर किंवा रक्ताच्या गुठळ्या झालेल्यांसाठी ते नाही.

मूत्रपिंडाचा विकार असेल तर प्रथिनं डॉक्टरांना विचारूनच वाढवा, मधुमेह असेल तर लाडू नकोत. थायरॉइड तपासून घ्या, त्याचीही लक्षणं अशीच असतात. आणि पाळी वर्षभर बंद राहून नंतर नुसता डाग जरी दिसला, तरी त्याच आठवड्यात स्त्रीरोगतज्ज्ञाकडे जा. घरात कोणाला विचारत बसू नका.