वाचक विचारतात : पाइपमधल्या वाळूचा वेग

प्रश्न : आमच्या फाउंड्रीत कोरडी वाळू 100 मिमी पाइपमधून हवेच्या दाबाने हॉपरमध्ये जाते. बेंड (पाइपची वळणं) लवकर झिजतात म्हणून दोन कड्यांचा इलेक्ट्रोस्टॅटिक सेन्सर बसवला. पाऊस लागल्यापासून तो दाखवत असलेला वाळूच्या किलोचा आकडा निम्म्यावर आलाय. वाळू तेवढीच जाते. सेन्सर बिघडला का?
– एक वाचक, उद्यमबाग, बेळगाव

उत्तर : सेन्सर काढू नका. वाळूचे कण एकमेकांवर आणि पाइपवर घासून भारित होतात, आणि कडीजवळून जाताना तिच्यात क्षीण प्रवाह उमटवतात. आपल्याकडच्या जुलै-ऑगस्टच्या दमट हवेत हा भार टिकत नाही. तुमचं यंत्र सिग्नलच्या जोरावरून किलो काढतं, म्हणून आकडा पडतो. आधी कंप्रेसरचा एअर ड्रायर आणि ड्रेन तपासा.

वेगाचं तसं नाही. पहिल्या कडीवरचा चढउतार दुसरीवर किती वेळाने दिसतो, एवढंच तिथे मोजतात. कड्यांमधलं अंतर 100 मिमी आणि फरक 20 मिलिसेकंद असेल, तर वेग सेकंदाला 5 मीटर. सिग्नल अर्धा झाला तरी हा फरक तोच राहतो. बेंडसाठी तुम्हाला वेगच हवा आहे, कारण तो दुप्पट झाला की झीज साधारण सहा ते आठपट होते. फक्त दोन कड्यांचे सिग्नल एकमेकांशी जुळत नसतील, तेव्हाचा आकडा धरू नका.

किलो हवेतच असतील तर हॉपरला लोड सेल (वजन मोजणारा सेन्सर) लावून, बॅचचं वजन यंत्राच्या आकड्याशी ताडून गुणक काढा. पावसाळ्याचा गुणक वेगळा ठेवा.

बेंडनंतर वाळू दोरीसारखी एका बाजूने वाहते, म्हणून सेन्सरच्या आधी निदान एक मीटर सरळ पाइप सोडा. कडीभोवतीचं टेफ्लॉन वाळू खाऊन टाकते, अ‍ॅल्युमिना सिरॅमिक टिकतं. वीज न वाहणाऱ्या या भागामुळे पाइपचं अर्थिंग तुटतं. दोन्ही फ्लँज तांब्याच्या जाळीदार पट्टीने जोडाच, विशेषतः त्याच लाइनमधून कोळशाची भुकटी जात असेल तर. केबल सैल लोंबकळू देऊ नका, तिच्या नुसत्या थरथरण्यानेही खोटा सिग्नल येतो.

प्रश्न : पाइपच्या तळाशी वाळू साचली तर हा सेन्सर सांगेल का?
– एक वाचक, होनगा

उत्तर : नाही. त्याला हलता भारच कळतो. उलट जागा अरुंद झाल्याने वेग वाढलेला दिसेल. लाइनच्या दोन टोकांना दाबमापक लावा. हवा आणि वाळू तेवढीच असून दाबातला फरक वाढत गेला, तर वाळू साचतेय.