पाचवं स्मरणपत्र पाठवू नका

सातारा जिल्ह्यातल्या एका वाचकांचं पत्र आहे. आजोबांनी 1988 साली घराण्यातली तलवार आणि मोडी कागदांचे दोन रुमाल (कापडात बांधलेले गठ्ठे) एका सरकारी संग्रहालयाकडे दिले. पावतीवर ‘प्रदर्शनासाठी ठेव म्हणून स्वीकारले’ असा शेरा आहे. 2023 मध्ये नातवाने वस्तू परत मागितल्या. 21 ऑगस्ट 2023 च्या पत्राने संग्रहालयाने नकार कळवला. त्यानंतर चार स्मरणपत्रं गेली, चारही वेळा ‘आपला अर्ज विचाराधीन आहे’ एवढंच उत्तर आलं. आता ते विचारतात : वस्तू परत मिळतील का? नाहीतर निदान कागदांच्या प्रती? आणि दसऱ्याला पूजेपुरती तलवार घरी आणता येईल का? अशी पत्रं वरचेवर येतात. कुठे तलवारीच्या जागी पोथ्या असतात, कुठे देवघरातली मूर्ती.

तुम्ही पाच पानं भरून घराण्याचा इतिहास लिहिलात. त्यावर कुणाचाच वाद नाही. वाद ज्यावर होणार ते पत्र मात्र तुम्ही अर्धवट फोटो काढून पाठवलंत, तारीख कापली गेलेली. ती दुसऱ्यांदा मागवावी लागली.

‘पस्तीस वर्षं झाली, आता वस्तू आमच्याच’ असं तिथल्या कारकुनाने सांगितलं, ते विसरा. ठेव म्हणून दिलेली जंगम, म्हणजे हलवता येणारी, वस्तू परत मिळवण्याच्या दाव्याला मुदत कायद्याच्या अनुच्छेद 70 प्रमाणे तीन वर्षांची मुदत आहे. ती ठेव दिल्यापासून मोजत नाहीत. मागणी केल्यावर नकार मिळाला, त्या तारखेपासून मोजतात. म्हणजे 1988 पासून तुमचं काहीच बिघडलं नव्हतं. घड्याळ सुरू झालं ते 21 ऑगस्ट 2023 ला, आणि ते तुम्हीच मागणी करून सुरू केलंत. त्या पत्रातलं तिसरं वाक्य वाचा : ‘सदर वस्तू संग्रहात समाविष्ट असल्याने परत करता येणार नाहीत.’ याहून स्वच्छ नकार कोणता हवा?

हिशेब साधा आहे. 21 ऑगस्ट 2026 च्या आत दावा दाखल व्हायला हवा. उन्हाळी सुट्टी संपून कोर्टं नुकतीच उघडली आहेत, हातात अडीच महिनेही नाहीत. स्मरणपत्रांनी मुदत वाढत नाही. ‘विचाराधीन’ म्हणाले म्हणजे नकार मागे घेतला, असा युक्तिवाद करता येईल, वेळ आली तर मीही करेन. पण तो काडीचा आधार. आणि मुदत गेली तर नुसता दावा बुडत नाही, त्याच मुदत कायद्याच्या कलम 27 प्रमाणे वस्तूवरचा हक्कच संपतो. पावती तेव्हा फ्रेम करून भिंतीवर लावा.

त्यातच संग्रहालय सरकारी. म्हणजे आधी दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम 80 ची दोन महिन्यांची नोटीस. ती अभिरक्षकाच्या (क्युरेटरच्या) नावे नको. संबंधित खात्याच्या सचिवांना किंवा जिल्हाधिकाऱ्यांना जायला हवी, आणि दावाही राज्य सरकारविरुद्ध. नोटिशीचा काळ मुदतीतून वगळला जातो, पण त्या भरवशावर निवांत राहू नका. नोटीस याच आठवड्यात, स्पीड पोस्टाने, पोहोच घेऊन.

दाव्यात संग्रहालय बहुधा म्हणेल की ही भेटच होती. जंगम वस्तूची भेट नुसत्या ताब्याने पुरी होते, नोंदणी लागत नाही, आणि पुरी झालेली भेट मनात आलं म्हणून परत घेता येत नाही. म्हणून पावतीवरचा ‘ठेव’ हा शब्द लाखमोलाचा. संग्रहालयाच्या दाखल नोंदवहीत त्याच वस्तूंपुढे काय लिहिलंय, ते आजच माहितीच्या अधिकारात मागा. दहा रुपयांचा अर्ज, तीस दिवसांत उत्तर अपेक्षित. तिथे ‘देणगी’ निघाली तर लढाई अवघड होईल, पण ते आधी कळलेलं बरं. पुराण वस्तू कायद्याचा बाऊ करतील, तर 1972 चा तो कायदा खासगी मालकी काढून घेत नाही. सक्तीच्या संपादनाचा अधिकार आहे तो केंद्र सरकारला, तोही मोबदला देऊन. चुलतभावांच्या सह्या लागतील का, हे वारसांची यादी पाहिल्याशिवाय सांगणार नाही.

प्रतींचं सोपं आहे. लिहिणारे गेल्याला साठ वर्षं उलटली असतील तर संग्रहालयातल्या अप्रकाशित कागदांची संशोधनासाठी किंवा खासगी अभ्यासासाठी नक्कल करायला कॉपीराइट कायदा आड येत नाही. तुमचे कागद पेशवाईतले. ‘फोटो मना’ हा तिथला घरचा नियम. फ्लॅश नको म्हणाले तर मात्र ऐका, ते बरोबर आहेत. प्रतींचा अर्ज करा, पण त्यात ‘आपल्या संग्रहालयाच्या मालकीचे कागद’ असं सौजन्याने लिहून बसू नका.

दसऱ्याच्या तलवारीबाबत माझा जीव खरा तिथेच अडकलाय. वस्तू तात्पुरती देताना संग्रहालयं छापील फॉर्म भरून घेतात. तुम्ही पाठवलेल्या कोऱ्या फॉर्मवर दुसऱ्याच ओळीत आहे : ‘संग्रहालयाच्या मालकीची खालील वस्तू मी उसनी घेत आहे.’ खाली तुमची सही पडली की सरकारी वकिलाला दुसरा पुरावा शोधावा लागणार नाही. उसनवारी कशी कागदावर असते ते पाहायचं तर वाघनखं आठवा. लंडनच्या व्हिक्टोरिया अँड आल्बर्ट म्युझियमने ती तीन वर्षांच्या लेखी कराराने दिली, 2024 च्या जुलैत साताऱ्यात आली, आणि मालक कोण याबद्दल कुणाच्या मनात शंका नाही. यंदा दसऱ्याला घरातल्या कोयत्याची पूजा करा.

नकाराचं पत्र ज्या लिफाफ्यातून आलं तो पोस्टाच्या शिक्क्यासकट शोधा. आणि आजोबांची पावती लॅमिनेट करू नका. मूळ कागद आहे तसा, प्लॅस्टिकच्या फाइलमध्ये घालून घेऊन या.