मान वळते का, ते आधी बघतो

प्रश्न : डॉक्टरसाहेब, माझं वय ५१. २२ वर्षं ट्रक चालवला, मोठा अपघात एकही नाही. आता रोज घरी यायला मिळावं म्हणून शाळेच्या बसवर लागायचा विचार आहे. सहा वर्षांपासून शुगर आहे, गोळ्या चालू आहेत. ‘तपासणीत शुगरचं बोलू नकोस, बाद करतील,’ असं सोबतचे ड्रायव्हर सांगतात. वर प्रशिक्षणही आहे म्हणे. ट्रकवाल्याला बस काय शिकवणार? आणि बायको म्हणते, हेही विचारा : मी फार घोरतो. त्याने काही अडतं का?

उत्तर : वहिनींचा प्रश्न तुम्ही शेवटी ढकललात, मी तो पहिला घेतो. नुसत्या घोरण्याने कुणी बाद होत नाही. पण घोरता घोरता तुम्ही मध्येच गप्प होता आणि मग गुदमरल्यासारखा श्वास घेता का, हे त्यांना विचारा. तसं असेल तर तुमची झोप रात्रभर तुटते आणि सकाळी तुम्हीच सांगता, की आठ तास झोपलो. शर्टाच्या गळ्याचं माप ४३ सेंटिमीटरच्या वर असलं, की मी झोपेबद्दल जास्त खोदून विचारतो. माल उतरायची वाट बघताना स्टिअरिंगवर डोळा लागतो का? लागत असेल तर झोपेची तपासणी करून घ्या. मास्क लावून झोपायचं मशीन मिळतं आणि ते नेमाने वापरणारे पुष्कळ जण व्यवस्थित गाडी चालवतात.

आता शुगर. नियम जागोजागी वेगळे आहेत, पण ती लपवू नका. मला वाढलेल्या शुगरपेक्षा उतरलेल्या शुगरची धास्ती जास्त, म्हणून गोळी कोणती हे मला कळायलाच हवं. एकट्या मेटफॉर्मिनने शुगर सहसा खाली जात नाही. ग्लिमेपिराइड, ग्लिक्लाझाइडने जाऊ शकते. पहाटेची फेरी, गोळी घेतलेली आणि पोटात काही नाही, असं झालं की ७० मिलिग्रॅमच्या खाली यायला वेळ लागत नाही. घाम, थरथर हे तुम्हाला जाणवेल, पण विचार मंदावलाय हे स्वतःला कळत नाही. तेव्हा बस बाजूला घ्यायची, इंजिन बंद करायचं, साखर तोंडात टाकायची. आकडा जागेवर आल्यावरही पाऊण तास चालवायचं नाही, कारण मेंदू सावरायला उशीर लागतो. त्या पाऊण तासात मुलांना कोण नेणार, हे आधी ठरलेलं हवं. आजार लपवला तर ते कसं ठरणार?

डोळ्यांचा तक्ता तुम्ही पास व्हाल. काचबिंदू असलेलेही होतात, कारण समोरची अक्षरं दिसत राहतात आणि बाजूचं दिसणं हळूहळू जातं. म्हणून मी समोर बसून दोन्ही बाजूंना बोटं हलवून बघतो. त्याच्याही आधी बघतो मान. वर्षानुवर्षं स्टिअरिंगवर बसलेल्या माणसाला मागे बघ म्हटलं तर पुष्कळदा मान जागेवरच राहते आणि खांद्यासकट अख्खा माणूस वळतो. आरशातून ट्रक दिसतो. दाराशी वाकलेलं सहा वर्षांचं पोर दिसेलच असं नाही. मग हात न टेकता खुर्चीतून उठायला सांगतो. हसतात लोक. पण धूर झाला तर संकटकाळचं दार उघडून पोरं उतरवायची आहेत, ती बसून उतरवता येत नाहीत.

सर्दीची गोळीही विचारून घ्या. काहींनी दिवसभर गुंगी राहते.

राहिलं प्रशिक्षण. ट्रकमधला माल एकदा उतरला, की चाकापाशी पडलेली पेन्सिल उचलायला परत येत नाही. पोरं येतात. म्हणून बसभोवतीचं तीनेक मीटरचं अंतर धोक्याचं धरायला शिकवतात. किती उतरली ते मोजायचं, लांब उभी असलेली किती दिसतात ते मोजायचं, आकडे जुळेपर्यंत ब्रेकवरचा पाय काढायचा नाही. फेरी संपल्यावर शेवटच्या सीटपर्यंत चालत जायचं, सीटखालीही बघायचं, कारण झोपलेलं पोर आरशात दिसत नाही. तुमचा हात कितीही साफ असला, तरी ही सवय ट्रकवर लागत नाही.

तपासणीला जाताना गोळ्यांची पाकिटं, चष्मा आणि शुगरचे जुने रिपोर्ट न्या. जमलं तर वहिनींनाही. झोपेच्या प्रश्नांची उत्तरं त्याच देतील.