परक्या बाईपुढे रडता येतं

मागच्या अंकात मी माझ्या आजारपणाबद्दल चार ओळी लिहिल्या आणि नंतर आलेल्या पत्रांतली निम्मी कॅन्सरबद्दलची निघाली. त्यांतली तीन इथे घेते. नव्या वाचकांसाठी सांगते, मी अमळनेरची, शाळेत शिवण शिकवायचे. २००९ साली माझं स्तनाच्या कॅन्सरचं, डाव्या बाजूचं ऑपरेशन झालं. मी डॉक्टर नाही, त्यामुळे औषधाचं काही असेल तर ते तुमच्या डॉक्टरांनाच विचारा. पण पेशंटच्या घरी जाऊन बसायचं काम गेली बारा वर्षं करते आहे, त्याबद्दल बोलू शकते.

प्रश्न : सासूबाईंचं (वय ५८) स्तनाच्या कॅन्सरचं ऑपरेशन झालं, केमो चालू आहे. हॉस्पिटलात एका सेवाभावी संस्थेच्या ताई भेटल्या होत्या. 'घरी येऊन भेटू का?' असा त्यांचा दोनदा फोन आला. माझे मिस्टर म्हणतात, आपण काय उघड्यावर पडलोय का? धर्मादायवाली माणसं घरात कशाला? गावात चर्चा नको. सासूबाई मात्र काहीच बोलत नाहीत, भिंतीकडे तोंड करून पडून असतात. त्या ताईंना येऊ द्यावं का? (एक सून, पारोळा तालुका)

येऊ द्या. याच आठवड्यात येऊ द्या.

माझं ऑपरेशन झालं तेव्हा घरात माणसांना तोटा नव्हता. जाऊबाई शिरपूरहून येऊन राहिल्या होत्या. नणंद एक दिवसाआड डबा आणायची. मुलगा बारावीला, तरी रात्री माझ्या उशाशी पुस्तक घेऊन बसायचा. आणि या सगळ्यांपुढे मी हसत होते. जाऊबाई माझ्याकडे बघून पदराने डोळे टिपायच्या, म्हणून त्यांच्यापुढे हसायचं. मुलाची परीक्षा तोंडावर, म्हणून त्याच्यापुढे हसायचं. यजमान तर माझ्यापेक्षा जास्त घाबरलेले. तेव्हा भारनियमन फार होतं. रात्री लाइट गेली की तेवढा वेळ अंधारात माझं तोंड कुणाला दिसायचं नाही, तेवढाच मोकळेपणा.

बाराव्या दिवशी धुळ्याहून एक बाई आली. एस.टी.ने, खांद्याला कापडी पिशवी. खुर्ची दिली तरी खाटेशेजारी खालीच बसली. म्हणाली, "माले बी व्हयेल शे." आणि मग काही न बोलता दोन्ही हात डोक्यामागे नेऊन तिने स्वतःचा अंबाडा सोडला आणि परत बांधला. सहा वर्षांपूर्वी तिचंही डाव्याच बाजूचं ऑपरेशन झालेलं. माझा हात तेव्हा खांद्याच्या वर जात नव्हता, वेणी जाऊबाई घालायच्या. तो अंबाडा बघितला आणि मला जे रडू फुटलं ते थांबेना. ती 'रडू नका' म्हणाली नाही. माठातलं पाणी घेऊन आली, आधी मला दिलं, मग स्वतः प्यायली आणि बसून राहिली.

रडून झाल्यावर तिने यजमानांकडे पेन्सिल मागितली. मला भिंतीशी उभं केलं आणि डाव्या हाताची बोटं मुंग्या चढतात तशी भिंतीवर चढवायला सांगितली. दुखायला लागलं तिथे थांबायचं, तिथे रेघ मारायची, उद्या रेघेच्या वर जायचा प्रयत्न करायचा. व्यायाम हॉस्पिटलातही शिकवला होता, कागद उशाखाली पडून होता. पण तो करण्याचं बळ त्या रेघेने आलं. दिवाळीत घराला रंग देताना मधल्या खोलीतली तेवढी भिंत मी मुद्दाम शेवटपर्यंत राहू दिली होती.

ही रीत तिने शोधलेली नव्हती. १९५२ साली न्यूयॉर्कमध्ये टेरीज लासर नावाच्या बाईने स्वतःचं स्तनाचं ऑपरेशन झाल्यावर इतर बायकांना भेटायला जायला सुरुवात केली. नर्स म्हणून नाही, तर हेच भोगून आलेली बाई म्हणून. पुढे ती पद्धत जगभर पसरली. यात औषध काही नाही. जिच्यापुढे धीराचं सोंग घ्यावं लागत नाही अशी एक व्यक्ती समोर बसते, एवढंच. तुमच्या सासूबाई भिंतीकडे तोंड करतात ते बहुधा तुम्हा सगळ्यांना सांभाळण्यासाठीच. तुम्ही कमी पडताय असा याचा अर्थ काढू नका. जिवाभावाच्या माणसापुढे जे बोलता येत नाही ते परकीपुढे बोलता येतं. माझ्याशी एक आजी तासभर फक्त "माले भ्याव लागस" एवढंच बोलल्या होत्या. सून आत आली की गप्प, गेली की पुन्हा तेच. त्या सुनेवर त्यांचा फार जीव होता.

तुमच्या मिस्टरांच्या म्हणण्याबद्दल. चैत्रात आपल्याकडे बिबडे, म्हणजे ज्वारीचे पापड, करायचे असले की अख्खी गल्ली येते. कुणी चीक हाटतं, कुणी ओलं धोतर अंथरतं, कुणी थापतं. त्याला कुणी भीक म्हणतं का? एका घरचं झालं की सगळ्या दुसरीच्या दारी. हेही तसंच आहे. त्यांना हेही सांगा की परळचं टाटा हॉस्पिटल, जिथे जाण्यासाठी आपल्याकडून गाड्या भरून जातात, ते अशाच एका दुःखातून उभं राहिलं. सर दोराबजी टाटांच्या पत्नी मेहेरबाई रक्ताच्या कॅन्सरने १९३१ साली गेल्या. सर दोराबजींनी आपली संपत्ती ट्रस्टच्या हवाली केली आणि १९३२ मध्ये तेही गेले. त्या ट्रस्टमधून २८ फेब्रुवारी १९४१ला हॉस्पिटल उघडलं. एवढ्या मोठ्या घरालाही दुसऱ्यांसाठी काहीतरी केल्याशिवाय ते दुःख सोसवलं नसेल. त्या ताई तुमच्या दारी येऊ म्हणतात, त्यामागे त्यांचंही असंच काही असू शकेल.

चर्चेची भीती वाटत असेल तर त्यांना तसं स्पष्ट सांगा. आम्ही कुणाच्या घरी 'मुलीच्या शाळेच्या बाई' म्हणून जातो, कुणाच्या घरी 'माहेरच्या ओळखीच्या' म्हणून. मात्र डोळे उघडे ठेवा. जी बाई पैसे मागेल, चूर्ण-काढा देईल, केमो थांबवा म्हणेल किंवा फोटो काढायला लागेल, तिला चहा पाजून वाटेला लावा. खरी सेवा करणारी यातलं काहीच करत नाही.

आणि एक माझी विनंती. सासूबाईंना आधी विचारा. त्या नको म्हणाल्या तर महिनाभर थांबून पुन्हा विचारा. हो म्हणाल्या तर चहा ठेवून तुम्ही खोलीबाहेर जा, मिस्टरांनाही न्या. दार लोटून घ्या.

प्रश्न : वडिलांना (वय ५२) गालाचा कॅन्सर निघाला. जळगावला बायोप्सी झाली, डॉक्टरांनी टाटाला जायला सांगितलं. आमची थोडी केळी आहेत, बाकी काही नाही. मुंबईत ओळखीचं कुणी नाही, मी स्वतः कधी नाशिकच्या पुढे गेलो नाही. कुठून सुरुवात करू? (एक मुलगा, रावेर तालुका)

बाळ, आधी जळगावच्या लॅबमध्ये जा आणि बायोप्सीचा ब्लॉक आणि स्लाइड मागून घे. ब्लॉक म्हणजे मेणात बसवलेला तो मांसाचा बारीकसा तुकडा, स्लाइड म्हणजे काचेच्या पट्ट्या. मुंबईचे डॉक्टर रिपोर्टच्या कागदावर भागवत नाहीत, ते स्वतः पुन्हा तपासतात. आमच्या शेजारगावचा एक पेशंट सगळ्या फायली घेऊन गेला आणि ब्लॉक इकडेच राहिला. दादरहून परत, लॅबच्या दोन खेपा, पुन्हा तिकीट, आठ-दहा दिवस गेले. जळगावातच कुणी शब्द टाकला असता तर हे टळलं असतं. तो शब्द टाकणं हेच आमचं काम आहे. स्लाइड डब्यात, कापसात ठेव, आणि आपल्या उन्हात गाडीच्या काचेशी ब्लॉक ठेवू नकोस, मेणच ते.

रेशनकार्ड आणि आधार, मूळ प्रत आणि झेरॉक्स दोन्ही घे. महात्मा फुले जन आरोग्य योजनेत आता कुटुंबाला वर्षाला ५ लाखांपर्यंतचा उपचार बसतो. योजनेतल्या हॉस्पिटलांत 'आरोग्यमित्र' म्हणून माणूस बसतो, त्याला गाठ. टाटामध्ये समाजसेवा विभाग वेगळा आहे, तिथे लाजू नकोस. 'केळी विकून भागवीन' असं म्हणून उभा राहू नकोस, जे खरं आहे ते सांग. बाग विकायचं तर आत्ताच कुणाला बोलूही नकोस.

राहायचं म्हटलं तर दादर पूर्वेला संत गाडगे महाराजांच्या नावाची धर्मशाळा आहे, तिथे कॅन्सरचे पेशंट आणि सोबतचे राहतात. परळलाच नाना पालकर स्मृती समितीचं रुग्णसेवा सदन आहे. जागा मिळेलच असं नाही, म्हणून हॉस्पिटलातून चिठ्ठी घेऊन लवकर नंबर लाव. पहिले दोन दिवस कुठे टेकायचं ते मात्र निघण्याआधी ठरव. रात्रीच्या गाडीने पहाटे दादरला उतरून आजारी वडिलांसोबत फलाटावर बसायची वेळ येऊ नये.

रेल्वेची सवलत बऱ्याच जणांना ठाऊक नसते. उपचारासाठी जाणाऱ्या कॅन्सरच्या पेशंटला स्लीपरचं भाडं पूर्ण माफ आहे आणि सोबतच्या एकाला पाऊण भाडं माफ. डॉक्टरांच्या सही-शिक्क्याचा फॉर्म लागतो. पहिल्याच खेपेला हॉस्पिटलात तो मागून घे, कारण खेपा पुष्कळ होणार. तोंडाच्या कॅन्सरला ऑपरेशननंतर शेक, म्हणजे रेडिएशन, सांगितलं तर ते आठवड्यातून पाच दिवस, साधारण सहा आठवडे चालतं. तेवढे दिवस तुला तिथेच राहावं लागेल. बागेला पाणी कोण देणार ते आत्ताच चुलत्यांशी बोलून ठरव.

तोंड सोलवटेल, तिखट चालणार नाही. आपली शेवभाजी आणि ठेचा खाणाऱ्या माणसाला हे फार जड जातं. धर्मशाळेत इतर पेशंटच्या बायका वरण, मऊ भात, लापशी कशी करतात ते बघ आणि विचार, त्या आनंदाने सांगतात. नळीवाटे खाणं द्यायची वेळ आली तर नर्सकडून तुझ्या हाताने दोन-तीनदा करून घे, मगच गावी ये.

वडिलांनी गुटखा खाल्ला हे त्यांना पक्कं माहीत आहे. राज्यात २०१२ पासून बंदी आहे तरी तो टपरीवर मिळतो, हेही त्यांना माहीत आहे. तू पुन्हा ते काढू नकोस. सुटण्यासाठी टाटातच समुपदेशन मिळतं. तू फक्त त्यांच्या शेजारी बस.

प्रश्न : मी धुळ्याला बी.एस्सी. दुसऱ्या वर्षाला आहे. माझी मावशी कॅन्सरने गेली. मला अशा रुग्णांसाठी काही करायचं आहे, पण मला आजार झालेला नाही आणि मी डॉक्टरही होणार नाही. माझा उपयोग होईल का?

होईल. तुझ्या वयाच्या मुलींना मी आधी प्लेटलेटबद्दल सांगते. रक्ताच्या कॅन्सरच्या मुलांना केमोत त्या वारंवार लागतात आणि काढल्यावर पाचच दिवस टिकतात, साठा करून ठेवता येत नाही. म्हणून ज्या दिवशी फोन येईल त्या दिवशी उठून जाणारं माणूस लागतं. ब्लड बँकेत जाऊन हिमोग्लोबिन आणि वजन बसतं का ते विचारून नाव देऊन ठेव. बसलं नाही तरी वर्गातल्या दहा जणांची यादी करणं तुला जमेल.

दुसरं, तुझं मन अजून ओलं आहे. मावशीला जाऊन वर्ष झालं नसेल तर पेशंटच्या खाटेशी इतक्यात बसू नकोस. तिथे तुझ्या रडण्याला जागा नाही, तिथली जागा पेशंटची. तोवर आमच्यासोबत शिवायला ये.

आम्ही ऑपरेशन झालेल्या बायकांसाठी सुती पॅड शिवतो, ब्लाउजच्या आत ठेवायला. जखम ओली असताना नुसता पिंजलेला कापूस भरतो. जखम नीट भरली आणि डॉक्टरांनी हो म्हटलं की वजनाचं पॅड देतो, कारण एका बाजूला वजन नसलं की खांदा झुकतो आणि पाठ धरते. वजनासाठी आत राईची पुरचुंडी घालतो. तांदूळ घालून पाहिला होता, त्याला कीड लागली. मागे चीर ठेवायची, म्हणजे पुरचुंडी काढून पॅड धुता येतं. चिरेची शिवण आतून दुहेरी घालावी लागते, नाहीतर कडा कातडीला घासते, आणि तिथली कातडी किती हळवी असते ते मला माहीत आहे. शिवून झालं की प्रत्येक पॅड मी गालाला लावून बघते. टोचलं तर उसवते.

शिवण येत नसेल तर मी शिकवीन. माप घ्यायला आणि नेऊन द्यायलाही माणूस लागतंच. अमळनेरला दर शनिवारी दुपारी बसतो, पत्ता संपादकांकडून मागून घे. येताना घरात जुनं, धुवून धुवून मऊ झालेलं धोतर किंवा लुगडं असलं तर आण. राई मी आणून ठेवते.