रंगाने बसलेली खिडकी

प्रश्न : आमचं घर उत्तर कसब्यात, आजेसासऱ्यांच्या वेळचं. माडीवर रस्त्याच्या अंगाला सागवानी खिडकी आहे. दोन झडपा, आतून उभे गज. दिराच्या लग्नात घर रंगवलं, तेव्हापासून ती उघडलेली नाही. सासूबाई त्याच खोलीत झोपतात. उन्हाळ्यात रात्री उशिरापर्यंत भिंत गरम लागते. शिवाय सिद्धेश्वराच्या यात्रेत नंदीध्वज, म्हणजे मिरवणुकीतल्या मानाच्या उंच काठ्या, याच रस्त्याने जातात, आणि सासूबाईंना आता जिना उतरवत नाही. मिस्टरांनी मधल्या फटीत स्क्रू ड्रायव्हर घालून जोर लावला, तर झडपेची कड चेपली. आता ते म्हणतात, खिडकीच काढून अ‍ॅल्युमिनियमची सरकती बसवू. ही खिडकी वाचेल का?
– एक वाचक, सोलापूर

उत्तर : ताई, वाचेल. सागवान असेल आणि चौकट वाळवीने पोखरलेली नसेल, तर ही खिडकी काढू नका, अशी माझी तुम्हाला हात जोडून विनंती आहे. सरकत्या खिडकीचा एका वेळी अर्धाच भाग उघडतो. तुमच्या दोन झडपा उघडल्या की पूर्ण चौकट मोकळी होते. दुपारी लाकडी झडपा लोटून ऊन बाहेर ठेवायचं आणि रात्री त्या सताड उघडून दिवसभर तापलेल्या भिंती आणि माळवद निववायचं, या हिशेबानेच आपल्याकडची जुनी घरं बांधलेली आहेत. खिडकी बसली की तो हिशेबच मोडतो. सासूबाईंची खोली तापते, त्यात या बंद खिडकीचा मोठा वाटा आहे.

आता ती बसली कशाने? ऑइलपेंट हवेतला ऑक्सिजन घेऊन घट्ट होतो आणि त्याची सलग साय धरते. झडपा बंद ठेवून रंग मारला की ती साय झडपेवरून चौकटीवर अखंड जाते. पुढच्या रंगाला तिच्यावर दुसरी, मग तिसरी. म्हणजे लाकूड मोकळंच असतं, त्याला वरच्या कातड्याने धरून ठेवलेलं असतं. म्हणून जोर लावण्याआधी हे कातडं कापायचं.

त्याच्याही आधी तीन गोष्टी तपासा. एक, वरच्या आणि खालच्या कडीची टोकं चौकटीतून खरंच बाहेर आली आहेत का. रंगाच्या थरात कडी वर सरकल्यासारखी दिसते आणि टोक भोकातच राहतं. दोन, कोणी खिळा मारून ठेवलाय का. लोहचुंबक झडपेच्या कडेने फिरवा. रंगाखाली खिळा असेल तर तिथे तो ओढला जातो. तीन, मुठीने कडेकडेने ठोका. जिथे झडप हलकी थरथरते तिथे ती सुटी आहे, जिथे ठोका मुका येतो तिथे धरलेली आहे. तिथे खडूने खूण करा.

एक गोष्ट मात्र काम सुरू करण्याआधीच कराल असं मला वचन द्या. झडपा बाहेर उघडतात, खाली रस्ता आहे, आणि इतकी वर्षं न हललेल्या बिजागऱ्यांचा भरवसा नाही. आतल्या मुठीला किंवा कडीला मजबूत दोरी बांधून ती गजाला अडकवा, दोन्ही झडपांना वेगवेगळी. झडप निसटली तरी लोंबकळेल, कोणाच्या डोक्यावर जाणार नाही. खाली घरातलं एक माणूस उभं करा.

मग कागद कापायचं कटर घ्या, पातं नवं घाला. झडप आणि चौकट यांच्या सांध्यावर हलक्या हाताने रेघ ओढा, आणि त्याच रेघेतून पुन्हा पुन्हा फिरवा. एकदाच दाबून कापायला गेलात तर पातं घसरून लाकडात किंवा बोटात शिरतं. दोन झडपांच्या मधला जोडही असाच कापायचा. कोपरे विसरू नका, रंग सगळ्यात जाड तिथेच साचलेला असतो. गजांमधून आतली बाजू होईल. बाहेरचा सांधा राहिला तर खिडकी सुटत नाही, आणि त्यासाठी शिडी लागेल. ते काम सुताराला किंवा रंगाऱ्यालाच द्या, स्वतः चढू नका.

सांधा कापल्यावर पुट्टी लावायची पातळ पत्ती त्यात सरकवा आणि लाकडी ठोकळ्याने हळू ठोकत पुढे न्या. खडूच्या खुणांपाशी जास्त वेळ द्या. पत्ती सगळीकडून फिरली की आतून, जोडाजवळच्या कोपऱ्यांवर, ठोकळा धरून हातोडीचे छोटे ठोके द्या. खाली एक, वर एक, असे आलटून पालटून. काच असेल तर तिच्यावर आधी चिकटपट्टीची फुली मारा आणि ठोका फक्त लाकडावर द्या. आधी जी झडप वरून दुसरीवर चढलेली आहे, ती सोडवायची. सुटताना कट्कन आवाज येतो. तो झडप फाटल्याचा वाटून लोक घाबरतात, पण तो रंगाचा असतो.

बोटभर उघडली की थांबा. लगेच सताड लोटू नका. बिजागरीच्या सांध्यात शिलाई मशीनचं तेल सोडा आणि रात्रभर राहू द्या. खोबरेल किंवा गोडं तेल अजिबात नको, ते पुढे चिकट होऊन बसतं. सकाळी झडप थोडी पुढे, थोडी मागे अशी हलवत न्या.

रंगाबद्दल एक महत्त्वाचं. आपल्याकडे घरगुती रंगातल्या शिशाला ९० पीपीएमची (दहा लाख भागांत ९० भाग) कायदेशीर मर्यादा १ नोव्हेंबर २०१७ पासून लागू आहे. तुमच्या खिडकीचे तळाचे थर त्याआधीचे असणार, त्यात शिसं आहे असं धरूनच चाला. शिसं लहान मुलांच्या मेंदूला आणि पोटातल्या बाळाला बाधतं. म्हणून कोरडं घासू नका, रंगाऱ्याचा ज्योतीचा दिवा (ब्लोलॅम्प) लावून रंग जाळू नका. पाणी फवारून ओलं करत खरवडा, खाली जुनं प्लॅस्टिक अंथरा, नाकाला चांगला मास्क लावा. खोली झाडू नका, ओल्या फडक्याने पुसा आणि ते फडकं टाकून द्या. काम होईपर्यंत सासूबाईंचं अंथरूण दुसऱ्या खोलीत हलवा. आणि निघालेल्या ढलप्या किंवा रंगवलेल्या लाकडाचा तुकडा बंबात वा चुलीत घालू नका. जुन्या घरांतून हे सर्रास होतं आणि त्याचा धूर सगळं घर ओढतं.

उघडल्यावर सुतार म्हणेल, कडा रंध्याने मारून देतो. आत्ता नको म्हणा. उन्हाळ्यात लाकूड सुकून आकसलेलं असतं. आता फक्त कडांवरचा रंग काढून घ्या. सप्टेंबरच्या पावसात झडप जिथे घासेल तिथेच, तेवढंच, रंध्याने मारा. झडप आणि चौकटीच्या मध्ये रुपयाचं नाणं सरकलं की पुरे. उघडं पडलेलं लाकूड कोरं ठेवू नका. प्रायमरचा पातळ हात द्या, नाहीतर तिथून ओल शिरून झडप पुन्हा फुगेल. चेपलेली कड काळजीची नाही. ओलं फडकं ठेवून वरून गरम इस्त्री टेकवली तर सागवान बरंचसं वर येतं, उरलेलं पुट्टीने भरा. हे मात्र त्या जागेचा रंग पूर्ण निघाल्यावरच.

पुढच्या दिवाळीला रंगारी येईल, त्याला आधीच सांगा : झडपा उघड्या ठेवून रंग, कडांना पातळ हात, खाचेत रंगाचा थेंब साचू द्यायचा नाही. हाताला सुकलेला रंग आतून कच्चा असतो, म्हणून काही दिवस झडपा पूर्ण मिटू नका; रात्री लोटायच्याच असतील तर मध्ये काडी ठेवा. रंग पक्का झाल्यावर कडांवर साधी मेणबत्ती घासा. त्यानंतर आठवड्यातून एकदा तरी दोन्ही झडपा पूर्ण उघडून मिटत चला, पावसाळ्यातसुद्धा.